माझे पंचवीस, तुझे किती?

‘गोव्यापेक्षा थायलंड स्वस्त पडतं यार!’ हे वाक्य गेल्या दोन वर्षांत तुम्ही कुठे ना कुठे ऐकलंच असणार. रील्सवर तर रोज. हातात शहाळं, मागे निळंशार पाणी आणि वर ठळक अक्षरांत ‘ओन्ली १५के’. त्या १५ हजारांत बॅगेचे पैसे धरलेत का, विमानतळावरून शहरात यायचं भाडं धरलंय का, हे रील सांगत नाही. आणि खरं सांगू का, मूळ वाक्यही तितकंसं खरं नाही. मांडवी किंवा कोकणकन्येच्या स्लीपरने गेलात आणि स्कूटी चौघांत वाटून घेतली तर गोवा अजूनही स्वस्तच आहे. थायलंड स्वस्त वाटतं ते विमानाने जाणाऱ्या, बीचसमोरच्या हॉटेलात उतरणाऱ्या आणि रोज टॅक्सी करणाऱ्या गोव्याच्या तुलनेत.

तरी आपल्या वयाची पोरं निघालीयत, हे नक्की. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीय पर्यटकांना ६० दिवसांपर्यंत विनाव्हिसा राहायची मुभा दिली. मलेशियाने त्याआधीच, डिसेंबर २०२३ पासून, व्हिसा माफ केला होता. (हे नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाची वेबसाइट बघाच. मित्राच्या मित्राचं ऐकू नका.) व्हिसाचा खर्च गेला, मुंबई ते बँकॉक साडेचार तासांच्या आसपास. पावसाळ्यातल्या एखाद्या वाईट शुक्रवारी ठाण्याहून पुण्याला पोहोचायलाही तेवढेच लागतात. त्यामुळे ‘वीकेंडला फॉरेन’ हे प्रकरण आता फक्त श्रीमंतांच्या पोरांचं राहिलेलं नाही.

आम्ही चौघं गेल्या वर्षी गेलो. ४ ते ७ जुलै २०२५, शुक्रवार ते सोमवार. बँकॉकमध्ये काय बघावं, याच्या याद्या तुम्हाला ढिगाने मिळतील. पण चौघांचे चार वेगवेगळे खिसे घेऊन एकत्र कसं फिरायचं, याची यादी आम्हाला कुठे सापडली नाही.

‘माझ्याकडे पंचवीस आहेत’

आमचा ग्रुप ज्युनिअर कॉलेजपासूनचा. एक मैत्रीण हिंजवडीत आयटीत, आमच्यात सगळ्यात जास्त पगार तिचा. एक मित्र नाशिकला खासगी बँकेत, टार्गेटच्या मागे धावणारा. एक मित्र सीएच्या आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे काम पूर्ण वेळ आणि स्टायपेंड नावाला. आणि चौथी मी, पत्रकारितेची विद्यार्थिनी, इंटर्न. माझ्या मानधनाबद्दल इथे लिहिलं तर संपादक कापतील.

एप्रिलमध्ये ग्रुपवर ट्रिपचा विषय निघाला. हिंजवडीवालीने एकामागून एक लिंका टाकल्या. कधी क्राबी, कधी फी फी, कधी छतावर स्विमिंग पूल असलेलं हॉटेल. आम्ही सगळे बदाम टाकत होतो. रात्री साडेअकराला सीएवाल्याचा मेसेज आला, ‘माझ्याकडे २५ आहेत. एकूण. तिकीट, राहणं, खाणं, सगळं धरून. बसत असेल तर मी आहे. नसेल तर तुम्ही जाऊन या, मनापासून.’

दहा मिनिटं ग्रुप शांत. मग नाशिकवाल्याने लिहिलं, ‘माझेही ३०च आहेत रे. बोलायची लाज वाटत होती.’

बदाम टाकताना मी पण मनात तेच आकडे जुळवत होते. पण आकडा पहिल्यांदा बोलला तो सीएवाला, आणि त्याक्षणी ट्रिप खरोखर ठरायला लागली. पंचवीस ही सगळ्यांची मर्यादा झाली.

हा लेख लिहिताना मी कॉलेजात आणि ऑफिसात आजूबाजूला विचारलं, की मित्रांची ट्रिप परवडत नसेल तर काय सांगता? उत्तरं ओळखीची होती. ‘घरी पूजा आहे’, ‘बॉस सुट्टी देत नाही’, ‘पासपोर्टचं राहिलंय’. (साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे, त्यामुळे हे कारण फार दिवस चालत नाही.) एका मुलीने सांगितलं की तिने नकार द्यायच्या ऐवजी क्रेडिट कार्ड वापरलं. बालीहून येऊन नऊ महिने झालेत, हप्ते अजून चालू आहेत. फोटो मात्र तिने इन्स्टावरून कधीच काढून टाकलेत, बघितले की हप्ता आठवतो म्हणे.

आकडा हातात, मग ठिकाण

पंचवीस म्हटल्यावर क्राबी, फी फी आपोआप गळाले. कारण बेटांवर जायचं म्हणजे आणखी एक विमान किंवा बस, वर बोट, आणि तीन दिवसांतला एक दिवस प्रवासात. म्हणून एकच शहर ठरवलं, बँकॉक. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी होती, पण त्या दिवसांचं भाडं बघून आम्ही साइट बंद केली. जुलैचा पहिला वीकेंड कुणाच्याच डोक्यात नसतो. तिथेही पावसाळा, म्हणजे ऑफ सीझन. पाऊस येतो, तासभर धो धो पडतो, थांबतो. मुंबईकराला त्याचं काय!

जाऊन-येऊन तिकीट पडलं १४,९००. त्यात फक्त ७ किलोची केबिन बॅग. हे सात किलो काउंटरवर खरंच मोजतात, त्यामुळे घरच्या वजनकाट्यावर बॅग घेऊन उभं राहायचं, मग बॅग न घेता, आणि वजाबाकी करायची. आणखी एक. तिकिटावर ‘शुक्रवार, रात्री १२.५०’ असं असेल तर घरातून निघायचं गुरुवारी संध्याकाळी.

विमा ३५०. उरले साधारण ९,७००. आम्हाला बाहत पडला २ रुपये ७० पैशांना. म्हणजे प्रत्येकी सुमारे ३,६०० बाहत. यातले २,५०० कॉमन पाकिटात, ११०० स्वतःच्या खिशात. पाकिटातून हॉस्टेल, प्रवास आणि जेवण. देवळाचं तिकीट, मसाज, दारू, खरेदी ज्याची त्याने. गणपतीची वर्गणी जमवलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. फरक एवढाच की पाकीट ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे होते त्याच्या हातात दिलं. तो सीए करतोय म्हणून, असं आम्ही म्हणायचो. पण त्याचा खरा फायदा दुसऱ्याच दिवशी कळला. ‘इथे खाऊया का?’ हा प्रश्न आपोआप त्याला विचारला जायचा, आणि तो मेन्यूवरचे आकडे बघून नुसतं ‘चालेल’ किंवा ‘पुढे बघू’ म्हणायचा. त्याला वेगळं काही समजवावं लागत नव्हतं.

रोख बाहत मुंबईतूनच नेले. कारण तिथल्या एटीएममध्ये परदेशी कार्ड टाकलं की तेव्हा प्रत्येक वेळी २२० बाहत फी होती, म्हणजे जवळपास ६०० रुपये. आपल्या बँकेचे चार्जेस वेगळे. कार्ड स्वाइप करताना मशीन विचारतं, रुपयांत पैसे कापू की बाहतमध्ये? रुपये बघून बरं वाटतं, पण तो दर महाग असतो. बाहतच निवडायचं. आपलं यूपीआय आम्हाला तिथे वापरता आलं नाही, आणि जेमतेम पाच वर्षांच्या सवयीनंतर सुट्टे मोजताना आमची जी त्रेधा उडाली ती बघण्यासारखी होती.

घरचा विषय वेगळाच. माझ्या आईला बँकॉक म्हटलं की बातम्या आठवत होत्या, आणि तिचं चुकत नव्हतं. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेजवळच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांमधून ५००हून अधिक भारतीयांना सरकारने परत आणलं. नोकरीच्या आमिषाने गेलेली ही माणसं होती, आणि त्यातल्या अनेकांचा प्रवास बँकॉकमार्गेच झाला होता. दुसरं म्हणजे मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडे हायड्रोपोनिक गांजा पकडला गेल्याच्या बातम्या सतत येतात. थायलंडने २०२२ मध्ये गांजावरची बंदी उठवली, जून २०२५ मध्ये पुन्हा नियम आवळले. पण तिथे काहीही असो, इथे उतरताना बॅगेत सापडला तर एनडीपीएस कायदा लागतो. त्यामुळे ‘माझी एवढी पिशवी घेऊन जाशील का?’ असं कुणी गोड बोलून विचारलं तर उत्तर एकच. ई-सिगारेटवरही तिथे बंदी आहे, ती घरीच ठेवा. परतीचं तिकीट आणि हॉस्टेलचं बुकिंग कागदावर छापून न्या. १ मे २०२५ पासून थायलंडला जाण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट असतं. पैसे मागणाऱ्या, सरकारीसारख्या दिसणाऱ्या वेबसाइट बऱ्याच आहेत. हे सगळं मी आईला कागदावर लिहून दिलं. तो कागद तिने फ्रिजला लावला, खाली हॉस्टेलचा फोन नंबर मोठ्या अक्षरात.

पाच बाहतची बोट

बँकॉकमध्ये टॅक्सीत बसायची गरज फार थोडी पडते. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातूनच शहरात जाणारी रेल्वे सुटते. मक्कासनला उतरायचं, पूल ओलांडून मेट्रो पकडायची आणि हुआ लम्फोंगला यायचं. चायनाटाउनच्या तोंडाशी आमचं हॉस्टेल होतं. मुलींची डॉर्म वेगळी, मुलांची वेगळी, पलंगाचे रात्रीचे ३८० बाहत. टॉवेलचे वेगळे पैसे होते, म्हणून आम्ही पंचे नेले होते. आमच्या डॉर्ममधल्या एका जर्मन मुलीला पंचा इतका आवडला की तिने त्याचे फोटो काढले.

शनिवारी सकाळी पहिला फाटा फुटला. ग्रँड पॅलेसचं तिकीट ५०० बाहत. खिशातल्या ११०० मधले पाचशे! हिंजवडीवालीला बघायचाच होता, आम्हा तिघांना नाही. ती गेली. (जाताना रस्त्यात दोघांनी तिला ‘पॅलेस आज बंद आहे, चल दुसरीकडे नेतो’ सांगून टुकटुकमध्ये बसवायचा प्रयत्न केला. बँकॉकचा हा जुना डाव आहे, ती हसून पुढे गेली.) आम्ही जवळच्या था तियन धक्क्यावरून ५ बाहतची बोट घेऊन चाओ फ्राया नदी ओलांडली, अरुणाचं देऊळ, म्हणजे वाट अरुण, बाहेरून डोळे भरून पाहिलं आणि त्याच बोटीने परत. मग ३०० बाहत देऊन वाट फो. आतला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांबीचा आहे. एका खांबाआडून चेहरा दिसतो, चालत राहायचं, चालत राहायचं, मग पाय येतात. मागच्या बाजूला १०८ कांस्य भांड्यांची रांग आहे, प्रत्येकात लोक एक-एक नाणं टाकत जातात. त्याचा खणखणाट पूर्ण देवळात घुमत असतो.

दुपारी भेटलो तेव्हा ती पॅलेसच्या भिंतींबद्दल बोलताना थांबेना. तिथल्या ओवऱ्यांत त्यांचं रामायण, रामाकियेन, १७८ चित्रांत रंगवलंय. त्यांचा हनुमान पांढराशुभ्र, आणि ब्रह्मचारी वगैरे अजिबात नाही, रावणाच्या मत्स्यकन्येच्या प्रेमात पडणारा. नाशिकवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आम्हाला पाचशे बाहतची गोष्ट फुकटात ऐकायला मिळाली, आणि ऐकवायला तिला तीन श्रोते. इथपर्यंत सगळं मस्त चाललं होतं.

‘मी देते ना!’

रात्री तिला रूफटॉप बारला जायचं होतं. एका ड्रिंकचे ४८० बाहत. आणि यात गैर काहीच नव्हतं, तिचे पैसे, तिची सुट्टी. सेव्हन-इलेव्हनच्या बाहेर फुटपाथवर उभे होतो. सीएवाला म्हणाला, ‘तुम्ही जा, मी झोपतो.’

‘अरे मी देते ना तुझे! काय एवढं?’

‘नको.’

‘हजार-बाराशे रुपयांनी काय होतंय?’

तो काही बोलला नाही. आणि त्या न बोलण्याने सगळा दिवस खाली बसला. तुमच्याही ग्रुपमध्ये हा क्षण आला असेल. देणारीच्या मनात खोट नसते. पण घेणाऱ्याला ते ड्रिंक ट्रिपभर पुरतं. दुसऱ्या दिवशी कुठे जायचं यावर त्याचं मत वेगळं असलं तरी तो सांगत नाही. आणि देणारीला वाटतं, एवढं करून पण हा गप्प का?

मार्ग काढला तो एरवी फक्त टवाळी करणाऱ्या नाशिकवाल्याने. म्हणाला, ‘तुम्ही दोघी जा. आम्ही दोघं यावराटला खातो. बरोबर बाराला चायनाटाउनच्या कमानीखाली.’ असं ठामपणे म्हणाला, की जणू हे आधीपासून ठरलेलंच होतं. कुणी कुणाला समजावलं नाही, कुणी कुणावर उपकार केले नाहीत.

मी तिच्यासोबत गेले. माझ्या खिशातले उरलेले पैसे जवळपास तिथेच संपले आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, चाळीस-एक मजल्यांवरून दिव्यांत वळसे घेणारी नदी दिसत होती. पण अर्धा वेळ ती नदीकडे बघतच नव्हती. म्हणाली, ‘मी सगळ्यात जास्त कमावते ना. नाही विचारलं तर कंजूष वाटेन, विचारलं तर माज वाटतो. मी करू काय?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जास्त पगारवाल्यालाही ग्रुपमध्ये अवघडायला होतं, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

बाराला कमानीखाली दोघं हजर. एका गाडीवर ६० बाहतला भरपेट पॅड थाय खाल्लं होतं, आणि आमच्यासाठी पिशवीत रामबुतान. सीएवाल्याने तिच्या हातात पिशवी देत विचारलं, ‘कशी होती नदी?’ तिने फोटो दाखवले. त्याने सगळे बघितले, एक स्वतःला पाठवायला सांगितला.

आषाढी, अयुथयाच्या लोकलमध्ये

रविवार ६ जुलै, आषाढी एकादशी. नाशिकवाल्याचे आजोबा निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत त्र्यंबकेश्वरहून चालत पंढरपूरला पोहोचलेले आणि नातू बँकॉकमध्ये. उपास मात्र त्याने सोडला नाही. थायलंड म्हणजे नाम प्ला, माशाचा सॉस, जवळजवळ प्रत्येक पदार्थात. शाकाहारी माणसाची तिथे खरी परीक्षा. (पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दिसलं की ते शुद्ध शाकाहारी, हे पाठ करून ठेवा.) पण उपासाच्या बाबतीत देश दिलदार निघाला. केळी, मँगोस्टीन, पेरू, शहाळी, आणि नारळाच्या दुधातला गोड साबुदाणा! त्याला ते ‘साकू’ म्हणतात. नाव ऐकून गडी खूश. मात्र ‘साकू साय मू’ मागितलात तर साबुदाण्याच्या गोळीत डुकराचं मांस येतं, त्यामुळे गाडीवरच्या मावशींना हातवारे करून तीनदा विचारलं.

अयुथया बँकॉकपासून ८० किलोमीटरच्या आसपास. थर्ड क्लासचं तिकीट २० बाहतच्या आत, खिडक्या उघड्या, वर पंखे, डब्यातून भाताची पाकिटं विकणाऱ्या बाया. अगदी आपली पॅसेंजर. अयोध्येवरून नाव पडलेलं हे शहर १३५१ मध्ये वसलं, चार शतकं राजधानी होतं, १७६७ मध्ये बर्मी सैन्याने जाळलं. आता विटांचे मनोरे आणि शिर नसलेल्या बुद्धांच्या रांगा. वाट महाथात देवळात झाडाच्या मुळांनी वेढलेलं एक बुद्धाचं शिर आहे. फोटो काढताना खाली बसावं लागतं, आपलं डोकं बुद्धाच्या वर जाऊ द्यायचं नाही. ट्रेनमध्येच आजोबांचा व्हिडिओ कॉल आला. मागे टाळ-मृदंगाचा कल्लोळ, काहीच ऐकू येत नव्हतं. आजोबांनी आम्हाला चौघांनाही एका नजरेत घेतलं आणि ओरडून एवढंच विचारलं, ‘खाल्लं का रे पोरांनो?’

सोमवारी पाकिटात फारसं काही उरलं नव्हतं. सकाळी फाहुरात, म्हणजे तिथल्या लिटल इंडियातल्या गुरुद्वारात लंगर, ताटं धुवायला आम्ही थांबलो. दुपारी लुम्फिनी बागेत तळ्याकाठी उन्हाला पडलेल्या, माणसाएवढ्या लांब घोरपडी बघत बसलो. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. चौघांची सगळ्यात जास्त बडबड त्या बागेत झाली.

हिशेब सीएवाल्याने विमानातच केला. त्याचे एकूण २४,७००. हिंजवडीवालीचे ३३ हजारांच्या वर. नाशिकवाला आणि मी मध्ये कुठेतरी. पाकिटात २७ बाहतची नाणी उरली. नाणी कुणी बदलून देत नाही, आणि चौघांत ती वाटलीही जात नाहीत. हिंजवडीवाली म्हणाली, राहू दे तुझ्याकडेच. ती अजून त्याच्याच टेबलाच्या खणात आहेत, हिशेबाच्या वहीत ‘येणे’ या रकान्याखाली लिहिलेली.